ओपन माइकवर शांतता: दोष जोकचा, सादरीकरणाचा की खोलीचा, हे ओळखायचं कसं?

शेवटचा_स्लॉट (धागाकर्ता)

स्टँडअप कॉमेडीचा ५ मिनिटांचा सेट (एका दमात सादर करायचा मजकूर), सात जोक. चार माणसांच्या गप्पांत हाच मजकूर चालतो, ओपन माइकवर (जिथे कुणीही नाव देऊन काही मिनिटं स्टेजवर बोलू शकतं) मात्र निम्म्याहून जास्त जोकना शांतता. त्यातही एका ठिकाणी जो जोक सगळ्यात जोरात लागतो तोच दुसरीकडे कोरडा जातो. मग पडलेला जोक बदलायचा, पुढच्या वेळी दुसराच पडतो, मग तो बदलायचा. सेट कधी बसतच नाही, आणि कशामुळे काय झालं तेही कळत नाही.

जाणकारांना विचारायचंय:

१. शांततेचं कारण लिखाणात आहे, सादरीकरणात की त्या रात्रीच्या खोलीत, हे वेगळं कसं काढायचं?
२. जोक किती वेळा पडला की टाकून द्यायचा?
३. ओपन माइकला समोर बहुतेक इतर कॉमेडियनच असतात आणि ते हसत नाहीत. ती चाचणी धरायची का?
४. नोकरी, रात्रीचे फुकट स्पॉट (स्टेजवर मिळणारी ठरावीक वेळ) आणि झोप, हे गणित बसवतात कसं?

नमुन्याला सेटमधला एक जोक: "डॉक्टर म्हणाले, अजिबात ताण घेऊ नका, आणि असं म्हणून त्यांनी दोन पानांचं बिल माझ्या हातात दिलं." वाचताना बरा वाटतो, स्टेजवर जेमतेम हुंकार येतो.

'आत्मविश्वास ठेवा, सराव करा' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको.

---

कात्री

सगळ्यात आधी: स्टेजवर उभं असताना काय 'वाटलं' त्यावरून एकही जोक बदलू नका. अंगात अ‍ॅड्रिनलिन उसळलेलं असताना दोन सेकंदांची शांतता दहा सेकंदांची वाटते, आणि बारका हशा ऐकूच येत नाही कारण डोकं पुढच्या ओळीत अडकलेलं असतं. प्रत्येक सेट रेकॉर्ड करा, अपवाद नको.

फोन कुठे ठेवता याने फरक पडतो. खिशात ठेवला तर कपड्यांची खसखस आणि तुमचाच आवाज. कुणाच्या टेबलावर ठेवला तर तिथला एकच खदखदून हसणारा माणूस तुम्हाला फसवतो. खोलीच्या मध्यापासून थोडं मागे, कडेला, उंचावर ठेवा. आणखी एक सापळा म्हणजे बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात. शांतता असली की वाढवतात, मोठा हशा आला की दाबतात. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये हशा किती मोठा वाटतो ते सोडा, किती सेकंद टिकला ते मोजा.

ऐकायचं दुसऱ्या दिवशी. ऐकताना प्रत्यक्ष बोललेला शब्द न् शब्द उतरवून काढा, वहीत लिहिलेला नव्हे. त्यात दोन गोष्टी उघड्या पडतात. पहिली, वहीत नसलेले 'म्हणजे', 'तर झालं असं की', 'अ‍ॅक्चुअली'. दुसरी, शब्दसंख्या. हशाची जागा धरून ५ मिनिटांत ५०० ते ५५० शब्द आरामात बसतात. नवख्यांच्या सेटमध्ये ८०० असतात. मग वेग वाढतो आणि हशा सुरू झाल्या झाल्या पुढचं वाक्य त्याच्यावर जाऊन आदळतं. असं दोन-तीनदा झालं की प्रेक्षक हसू आवरायला शिकतात, कारण हसलं तर पुढचं ऐकायचं राहतं. ५ मिनिटांच्या स्पॉटला ४ मिनिटांचा मजकूर न्या. सात जोकांतले दोन आजच काढा.

आता निदान. उतरवलेल्या मजकुरात प्रत्येक पंचसमोर (जोकची हसवणारी ओळ) आकडा टाका: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे दोन-चार जण, २ म्हणजे सगळी खोली हसली, ३ म्हणजे खोली हसली आणि तुम्हाला थांबावं लागलं. शेजारी त्या रात्रीचे तपशील: अंदाजे किती माणसं, त्यांतली कॉमेडियन नसलेली किती, तुमचा नंबर कितवा, तुमच्या आधीच्या दोघांना आणि नंतरच्या दोघांना काय मिळालं. हा शेवटचा रकाना बहुतेक जण टाळतात, आणि खोलीचा दोष की तुमचा, हे फक्त तोच सांगतो. पुढचे-मागचे चौघेही ० ते १ मध्ये असतील तर त्या रात्रीवरून एकाही जोकचा निकाल लावू नका. चौघांना २ मिळतोय आणि तुम्हाला ०, तर कारण तुमच्याकडे.

तुमच्याकडे, पण कुठे? हशा पंचच्या आधी, सेटअपमध्येच (पंचआधीची मांडणी) येत असेल तर लोकांना वेगळीच गोष्ट गमतीची वाटतेय. तिलाच पंच करा आणि पुढचं कापा. बारीक हशा येऊन एका सेकंदात तुटत असेल तर तो तुम्हीच तोडताय. सेटअपच्या वेळी खोली शांत आणि पंचनंतरही शांत, तर बहुतेक वेळा परिस्थितीच कळलेली नसते. कॉमेडियन नसलेल्या एखाद्याला विचारा, "यात कोण कुणाला काय म्हणालं?" तो अडखळला तर पंचला हात लावू नका, सेटअप दुरुस्त करा. एका खोलीत ३ आणि दुसरीत ० असेल तर बहुधा एखादा संदर्भ त्या प्रेक्षकांना ठाऊक नाही. वय, व्यवसाय, अमुक अ‍ॅप वापरणं, असलं काहीतरी तुम्ही गृहीत धरलेलं असतं.

टाकून देण्याबद्दल: किमान पाच-सहा वेळा, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि दर वेळी एकच बदल. शब्दही बदलले, क्रमही बदलला, आवाजही बदलला, तर काय उपयोगी पडलं ते कधीच कळणार नाही. सहा वेळा ० ते १ आला की सेटमधून काढा, पण वहीतून नको. फिलिस डिलर या अमेरिकी कॉमेडियनने आपले जोक विषयवार कार्डांवर ठेवले होते. ५० हजारांहून जास्त कार्डांचं ते कपाट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात आहे. कालचा पडलेला पंच उद्या दुसऱ्या जोकचा टॅग (पंचनंतर जोडलेली हशाची ओळ) होऊ शकतो, फक्त तो सापडला पाहिजे.

नवा जोक कधीही पहिला किंवा शेवटचा ठेवू नका. दोन खात्रीच्या जोकांच्या मध्ये ठेवा. पहिला खात्रीचा जोक चालला आणि मधला पडला, तर त्या रात्री खोली जिवंत होती याचा पुरावा हातात राहतो.

---

फेडर_खाली

कात्रींनी लिखाणाचं सांगितलं. मी ध्वनीच्या बाजूने लिहितो, कारण 'पडलेल्या' जोकांतले बरेचसे मुळात ऐकूच गेलेले नसतात.

ओपन माइकला असतो तो साधा डायनॅमिक कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणारा. तो ओठांपासून ३ ते ५ सेंटिमीटरवर, हनुवटीच्या किंचित वर, तोंडाकडे तिरका धरायचा. अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने पडते. ४ सेंटिमीटरचे १६ झाले तर १२ डेसिबल गेले. मान वळवून कडेच्या टेबलाकडे बघून पंच टाकता तेव्हा नेमकं हेच होतं, कारण तोंड वळतं आणि माइक तिथेच राहतो. माइक तोंडाबरोबर फिरला पाहिजे. मुठीत जाळी धरू नका. जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की माइक सगळीकडून आवाज पकडायला लागतो, आवाज घोगरा होतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकरच्या पुढे चालत गेलात तरी तेच. फ, भ, ख, घ या अक्षरांना हवेचा फटका जास्त बसतो, म्हणून समोरासमोर न धरता थोडा तिरका. ओरडायचं असेल तेव्हा १५ सेंटिमीटर लांब न्या.

हात थरथरत असतील तर माइक स्टँडवरच राहू द्या, थरथर दिसत नाही. काढलात तर स्टँड लगेच मागे किंवा कडेला ठेवा. रिकामं स्टँड मध्ये उभं राहिलं की लोक त्याच्याकडे बघत बसतात, आणि तुम्ही त्याच्या आडून बोलता.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज आपसूक खाली येतो, आणि पंच असतो नेमका शेवटी. रेकॉर्डिंग ऐका. शेवटचे दोन शब्द मागच्या रांगेला कळले असते का? नसतील तर तो जोक पडला नाही, तो पोचलाच नाही.

आता खोली. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांत माणसं एकटी असताना जेवढी हसतात त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतात. ६० खुर्च्यांच्या खोलीत १२ जण विखरून बसले की ती १२ एकटी माणसं होतात. होस्टला शो सुरू होण्याआधी सांगा: मागच्या दोन रांगा बंद, सगळे पुढे, मधे रिकाम्या खुर्च्या नकोत. प्रेक्षकांवरचे दिवे विझवा. उजेडात माणूस हसण्याआधी शेजाऱ्याचं तोंड बघतो. पंखा, एसी, स्वयंपाकघरातला मिक्सर यांच्या घरघरीत व्यंजनं बुडतात, तेव्हा शब्द सुटे सुटे बोला, आवाज वाढवून उपयोग नाही. साउंड चेक कुणी देत नाही. पहिल्या दोघांच्या वेळी शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका, तोच तुमचा साउंड चेक.

---

पूर्णविराम

डॉक्टरांच्या जोकबद्दल लिहितो. दोष विचारात नाही, वाक्यात आहे.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. हसवणारा शब्द बहुतेक वेळा नाम असतो, आणि ते क्रियापदाच्या आधी अडकतं. तुमच्या वाक्यात 'बिल' आल्यावर लोकांना कळलं, पण तुम्ही अजून 'माझ्या हातात दिलं' म्हणताय. सभ्य प्रेक्षक तुमचं संपेपर्यंत थांबतो, तोवर हसू विरून जातं. शिवाय 'दोन पानांचं' हा बिलाआधीच फुटलेला इशारा आहे. लोकांना कागद येणार हे आधीच कळलं. 'असं म्हणून त्यांनी' हे तर शुद्ध ओझं.

असं करून बघा:

"डॉक्टर म्हणाले, 'अजिबात ताण घेऊ नका.' आणि हातात दिलं… बिल."
टॅग: "दोन पानी."
टॅग: "दुसऱ्या पानावर शेवटची ओळ, 'ताणाबद्दल सल्ला'. त्याचे वेगळे."

शब्द जवळपास तेवढेच, हशाच्या जागा तीन. 'दोन पानी' पंचमधून निघाल्यामुळे फुकटात टॅग झाला. शेवटच्या टॅगला सेटअपचं वाक्यच उलटून येतं, म्हणून तो पंचपेक्षा जोरात लागण्याची शक्यता जास्त. तसं झालं तर 'दोन पानी' उडवा.

मात्र हा उलटा क्रम प्रत्येक जोकला लावू नका. 'आणि हातात दिलं', 'आणि समोर उभा', 'आणि दार उघडलं' असं थांबणं चौथ्यांदा आलं की प्रेक्षक शब्द ओळखण्याच्या खेळाला लागतात. सेटमध्ये दोनदा पुरे. बाकी ठिकाणी क्रियापद सरळ गाळा किंवा पंच दुसऱ्या पात्राच्या तोंडी द्या. संवादात माणसं तशीही अर्धी वाक्यं बोलतात.

---

शंकासुर

कात्रींच्या आकडेमोडीला थोडा विरोध. ० ते ३ ची पद्धत एकोळी जोकवाल्यांना छान, पण सगळ्यांनी ती धरली तर सगळ्यांचे सेट एकाच साच्याचे होतील. गोष्ट रंगवून सांगणाऱ्याला ४० सेकंद शांतता लागते, मग एकदम ३ मिळतो. त्याच्या वहीत शून्यांची रांग दिसेल आणि तो नेमका चांगला भाग कापेल.

शांतता दोन प्रकारची असते. ऐकणारी आणि निघून गेलेली. रेकॉर्डिंगमध्ये फरक कळतो. लोक ऐकत असतील तर खोलीत दुसरा कसलाच आवाज नसतो. निघून गेले असतील तर खोकला, खुर्चीची करकर, ग्लासांची किणकिण, कुजबुज. शून्याशेजारी हेही लिहा.

---

कात्री

@शंकासुर मान्य, खोकल्याचा रकाना वाढवायला हवा. फक्त ५ मिनिटांच्या स्पॉटमध्ये ४० सेकंदांची उधारी एकदाच परवडते, आणि तीही पहिल्या २० सेकंदांत एक हशा घेतल्यावरच. अनोळखी माणसाला प्रेक्षक त्याआधी उधार देत नाहीत.

धागाकर्त्याचा तिसरा प्रश्न राहिला. कॉमेडियन हसत नाहीत कारण ते मनात स्वतःचा सेट घोकत असतात, आणि तुमचा जोक त्यांनी आधी ऐकलेला असतो. त्यांचं न हसणं मोजू नका. त्यांचं हसणं मात्र जपून मोजा, कारण कॉमेडियन फार वेगळ्या गोष्टींना हसतात: कुणी फसलं, कुणी नियम मोडला, विषयच भयंकर निघाला. मागच्या भिंतीपाशी उभ्या मंडळींसाठी लिहायला लागलात तर तिकीट काढून आलेले लोक हातचे जातात. तशा रात्रीचा उपयोग पाठांतर, वेळ आणि शब्दांचा ओघ तपासायला करा.

---

शेवटचा_स्लॉट

सगळ्यांचे आभार, दोन जोक काढले आणि बिल शेवटी नेलं. चौथ्या प्रश्नावर कुणी बोलेल का? शिवाय वेळ संपत आल्याचा लाइट आणि 'पाच माणसं आणा, तर स्पॉट देतो' याबद्दलही.

---

मानधन_कधी

लाइट: ५ मिनिटांच्या स्पॉटला तो बहुतेक ठिकाणी चौथ्या मिनिटाला दाखवतात. अर्थ 'एक मिनिट उरलं', 'नवा जोक सुरू करा' नव्हे. लाइट दिसला की मान किंचित हलवा, नाहीतर होस्ट तो हलवत बसतो आणि प्रेक्षक मागे वळून बघतात. वेळ खाणं हा इथला सगळ्यात मोठा गुन्हा आहे, कारण २० जणांच्या यादीत प्रत्येकाने एक मिनिट जास्त घेतलं तर शेवटच्या माणसासमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. पडणाऱ्याला परत बोलावतात, वेळ खाणाऱ्याला नाही. शेवटचा जोक नक्की किती सेकंदांचा ते माहीत हवं. तो ३५ चा असेल तर लाइट दिसल्यावर चालू जोक संपवून थेट त्यावर उडी मारता येते.

माणसं आणायचे शो: तिथे प्रेक्षक तुम्हीच, गिऱ्हाईकही तुम्हीच. ओळखीची पाच माणसं हसतात ती प्रेमाने, त्यामुळे चाचणी म्हणून निरुपयोगी. आणि पाच-सहा वेळा बोलावलं की ती फोन उचलत नाहीत. चांगलं व्हिडिओ रेकॉर्डिंग मिळत असेल तर एकदा करा. विचारून घ्या: रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, न कापलेली फाइल मिळणार का, किती मिनिटं, कितवा नंबर.

फुकट स्पॉटचा वाद जुना आहे. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'द कॉमेडी स्टोअर'मध्ये कॉमेडियनांनी संप केला होता. क्लब तिकिटं विकत होता आणि बहुतेक कलाकारांना काहीच मिळत नव्हतं. क्लबचं म्हणणं, ही शिकण्याची जागा आहे. काही आठवड्यांनी सेटमागे २५ डॉलरवर तोडगा निघाला. माझा निकष सरळ आहे. प्रेक्षक फुकट असतील तर तुम्हीही फुकट चालाल. तिकीट लागलं आणि नाव पोस्टरवर आलं की मानधन विचारायचं, नकार आला तरी विचारायचं.

कंपन्यांच्या कार्यक्रमांत पैसे असतात आणि सापळेही. गोल टेबलं, दिवे लावलेले, जेवण चालू, स्टेजसमोर नाचायला ठेवलेली मोकळी जागा. जगातला कुठलाही सेट तिथे पडेल. होकार देण्याआधी लेखी घ्या: जेवणाआधी किंवा जेवणानंतर, जेवताना नाही, पहिलं टेबल स्टेजपासून दोन मीटरच्या आत, वर्ज्य विषय कोणते, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले कुठल्या तारखेला. 'शोनंतर बघू' म्हणजे पुढचे दोन महिने फोन.

आता झोप आणि मन. स्पॉट रात्री अकराला संपला तरी शरीर दीड-दोन तास उतरत नाही. सकाळी कामावर जायचं असेल तर आठवड्याला दोन रात्री पुष्कळ झाल्या, तेही वेगवेगळ्या ठिकाणी. आठवड्याला पाच माइक करून त्यांतल्या एकाचंही रेकॉर्डिंग न ऐकणाऱ्यापेक्षा दोन करून दोन्ही उतरवून काढणारा लवकर सुधारतो. स्पॉटआधी दारू नको. थरथर थांबते आणि टायमिंगही जातं. बऱ्याच जागा मानधनाऐवजी पेयच देतात, तेव्हा सवय लागायला वेळ लागत नाही. तोंड कोरडं पडतं त्याला कोमट पाण्याचे दोन घोट. श्वास चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, नाव पुकारेपर्यंत. आणि पहिलं वाक्य शब्दशः पाठ.

'दुःख असेल तरच विनोद येतो' हे फार ऐकवलं जातं, त्यावर फार विसंबू नका. अजून ओली असलेली जखम स्टेजवर नेली की प्रेक्षकांना तुमची काळजी वाटायला लागते, आणि काळजीत असलेला माणूस हसत नाही. असा विषय घ्यायचाच असेल तर पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही सावरला आहात हे दिसू द्या, तपशील नंतर. पडलेल्या रात्रीनंतर एक-दोन दिवस खट्टू वाटणं कामाचा भाग आहे. दोन आठवडे सलग मन उदास, झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, तर तो सेटचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि तोवर माइक बंद ठेवलात तरी काही बिघडत नाही. यादी पुढच्या महिन्यातही असते.

---

पूर्णविराम

क्लिपबद्दल कुणी बोललं नाही. सध्या सगळे पहिल्याच महिन्यात क्लिप टाकतात. कच्चा जोक टाकला की तो जळतो. पुढे पक्का झाला तरी लोकांनी कच्चा ऐकलेला असतो. म्हणूनच बरेच जण प्रेक्षकांशी झालेले संवाद टाकतात आणि लिहिलेला मजकूर राखून ठेवतात. पण त्यामुळे नवख्यांना वाटतं की क्राउड वर्क म्हणजेच कॉमेडी. ५ मिनिटांच्या स्पॉटमध्ये "तुम्ही काय करता?" विचारलं की एक मिनिट गेलं, आणि वहीतला एकही जोक तपासला गेला नाही.

---

फेडर_खाली

क्लिप टाकायचीच असेल तर साउंड मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज एकटा वापरू नका. त्यात फक्त माइक येतो, हशा येत नाही, आणि ३ मिळालेला जोक फोनवर शून्याचा वाटतो. एक ट्रॅक मिक्सरचा, दुसरा खोलीत ठेवलेल्या रेकॉर्डरचा. सुरुवातीला स्टेजवरून एक टाळी वाजवून घ्या, दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवता येतात. रेकॉर्डरवर पातळी आपोआप बदलण्याची सोय असेल तर बंद करा, आणि सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही इतकी पातळी ठेवा, नाहीतर नेमका मोठा हशाच फाटतो. मिक्सरचा आवाज मिळतच नसेल तर रेकॉर्डर स्पीकर आणि पहिली रांग यांच्या मधे ठेवा, स्पीकरच्या अगदी तोंडाशी नको.